रविवारची साक्ष

माझ्या आईला तिच्याच जाळ्यात गुंडाळून कडुनिंबाला बांधलं होतं. जाळं तिनं स्वतः विणलेलं. आम्ही ढिवर, मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यावर, मासे धरणारे. भर दुपार होती, ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव उभं होतं. मालकाच्या हातात चिंचेची ओली फोक. पहिल्याच फटक्यात तिच्या गालाची कातडी निघाली. मालकानं तिची मान वळवून दुसरा गाल फोडला.

मालक म्हणजे जुन्या मालगुजाराचा नातू. मालगुजारी गेली त्याला जमाना झाला, गावाच्या तोंडातून 'मालक' काही जात नाही. त्याची सून महिनाभर तापानं फणफणत होती. कुण्या देवऋष्यानं सांगितलं, तळ्याकाठच्या बाईनं करणी केली. तळ्याकाठी घर आमचं एकट्याचं. झालं, निकाल लागला.

मी मध्ये पडले. दोघांनी माझे हात मागं पिरगळले. मालकानं विळ्यानं आईचे केस कापले, माझ्या पदरात टाकले आणि म्हणाला,

"सांग सगळ्यायले, माह्या मायनं करणी केली. सांगतं का फोडू हिचा जबडा?"

मी सांगितलं.

"मोठ्यानं."

मोठ्यानं सांगितलं.

मालक लोकांकडे वळला. "आयकलं? पोटच्या पोरीनं साक्ष देली." आणि मग त्यानं जबडा फोडलाच. दगडानं. सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला.

आई मेली नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यात जबडा तारेनं बांधला. पेज पिते. बोलत नाही. माझ्याकडे बघतही नाही, ते मला जास्त लागतं.

आम्ही सहा वर्षं येशूच्या प्रार्थनेला जातो. गावाबाहेर टिनाचं शेड आहे, तिथं दर रविवारी साक्ष होते. साक्ष म्हणजे उभं राहून देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायचं. ताप उतरला, म्हैस सापडली, गुडघा बरा झाला. मग टाळ्या आणि डफ. माझ्या तोंडाला सवय तीच. म्हणून मी तक्रार द्यायला ठाण्यात गेले आणि जमादार म्हणाला, "तुही साक्ष सांग," तेव्हा मी डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं, "प्रभूची स्तुती असो, माह्या मायचा जीव वाचला."

ठाणं हसलं. जमादार म्हणाला, "बाई, भजन नोको सांगू. कोनं मारलं थे सांग. अन् पाहनारं आखीन कोनी असन त आन." कोणाचं नाव घ्यावं सुचेना. काही न सांगताच उठून आले.

आमची प्रार्थना घेणारा, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, तो म्हणाला, "क्षमा करा, बाई. सूड घेनं देवाचं काम हाय." तोही त्या झाडाखाली होता. त्याचा पांढरा सदरा मी पाहिला होता.

मला थोडं वाचता येतं, बोट ठेवून. मी बायबल काढलं आणि साक्ष हा शब्द शोधत बसले. चार दिवस लागले. त्यात लिहिलं होतं, एकाच्या बोलण्यावर कोणाला दोषी धरायचं नाही, दोघं-तिघं साक्षीदार लागतात. न्याय करताना मोठ्याचं तोंड बघायचं नाही. आणि खोटी साक्ष देणाऱ्यानं दुसऱ्यावर जे आणायला पाहिलं, तेच त्याच्यावर यावं. खोटी साक्ष देणारी मीच होते.

सहा वर्षांत यातलं एक अक्षर आम्हाला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. दुसरा गाल पुढं करा, एवढंच पाठ करून घेतलं. आईचे तर दोन्ही गाल फुटले होते.

रविवारी मी उभी राहिले. "माही साक्ष हाय." भाऊ हसला, डफ थांबला. फोक कोणाच्या हातात होती ते मी सांगितलं. दगड कोणी मारला ते सांगितलं. माझे हात कोणी पिरगळले ते सांगितलं. त्यातला एक तिसऱ्या रांगेत बसला होता.

"गानं घ्या, गानं घ्या," भाऊ ओरडला. डफ वाजायला लागला. मी तो हिसकावला आणि गुडघ्यावर आपटून फोडला. तिसऱ्या रांगेतला उठून आला. त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी रक्त त्याच्या अंगावर थुंकले, पण बसले नाही.

"सूड देवाचा हाय, भाऊ. साक्ष माही हाय."

तेव्हा भिंतीला धरून बुधाबाई उठली. ही म्हातारी चार वर्षं दर रविवारी गुडघा बरा झाल्याची साक्ष देते. म्हणाली, "मीनं बी पाह्यलं. सप्पा पाह्यलं, पयल्या फटक्यापासून. अन् माहा गुडघा काई बरा नाई झाला."

कोणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी ठाण्यात गेलो. ती लंगडत, मी सुजलेल्या तोंडानं. मी जमादाराला म्हणाले, "पयलं नाव माह्यं लिवा. मी मायवर खोटं बोलली. मंग मालकाचं लिवा."

त्यानं लिहिलं. बुधाबाईनं अंगठा दिला.

मालकाचा निरोप आलाय, नाव मागं घे, नाहीतर तुलाही त्याच झाडाला बांधीन. मी त्याच माणसाकडून उलट निरोप धाडला. "बांध म्हना. पर या टायमाले 'मोठ्यानं' म्हनाची पाळी तुह्यावर येनार नाई."