एकही तक्रार नसलेलं कॉलेज

“तक्रारी? आमच्याकडे एकही नाही,” सावळे साहेब छाती फुगवून म्हणाले.

हेलनने पेन खाली ठेवलं. आठ वर्षं मी तिच्याबरोबर काम करतेय. तिने पेन खाली ठेवलं की समोरच्याचं काही खरं नाही.

ठिकाण इंग्लंडमधलं, लंडनजवळचं स्लाऊ. गोदामांच्या रांगेत, एका टायरच्या दुकानावर दोन खोल्या आणि त्यात एक अख्खं कॉलेज. वर्ग नाहीत, बाकं नाहीत, कारण विद्यार्थी घरी बसून शिकतात. ऑनलाइन धडे, फोनवर ट्यूटर आणि शेवटी म्हाताऱ्यांचं केअर होम चालवण्याचा डिप्लोमा. आम्ही दोघी तिथे अ‍ॅक्रेडिटेशनची तपासणी करायला गेलो होतो. हेलन लीड असेसर, मी तिच्या हाताखाली.

अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्यालाही अजून नीट सांगता येत नाही, म्हणून सोपं करून सांगते. या देशात ‘डिग्री’ देण्यावर कायद्याची बंधनं आहेत. नुसता डिप्लोमा मात्र कोणीही छापावा. एक वेबसाइट, एक रंगीत प्रिंटर, झालं कॉलेज! त्यातून घरी बसून शिकणाऱ्याला कॉलेज कधी डोळ्यांनी दिसत नाही. मग त्याच्या वतीने आम्ही जाऊन बघतो. ट्यूटर खरे आहेत का, पेपर कोण तपासतं, अडलेल्याला मदत मिळते का. सगळं ठीक असेल तर कॉलेजचं नाव आमच्या यादीत राहतं. नोकरी देणारे ती यादी बघतात. नाव नसेल तर तो डिप्लोमा भिंतीवर छान दिसतो, एवढंच.

सावळे साहेबांच्या कॉलेजची यादीतली मुदत त्या महिन्यात संपत होती.

हे कॉलेजचे मालक, मूळचे साताऱ्याकडचे, एकेकाळचे हायस्कूलचे मास्तर. आडनाव वाचूनच मी हेलनला सांगून टाकलं होतं, की आमची भाषा एक आहे, ओळख मात्र नाही. तिने ते रीतसर लिहून घेतलं. साहेबांनी तयारी जोरदार केली होती. दारात रांगोळी, टेबलावर दोन शाली, दोन नारळ. शाली आम्ही हात जोडून परत केल्या. नारळ निरखून हेलनने मला हळूच विचारलं, “हा कशाचा एव्हिडन्स आहे?” आमच्या धंद्यात टेबलावर ठेवलेली प्रत्येक वस्तू पुरावा असते, त्यामुळे प्रश्न गैर नव्हता.

“स्टुडंट्सशी बोलायचंय ना? ही घ्या लिस्ट,” साहेब म्हणाले. दहा नावं, दहाही डिस्टिंक्शनवाली. हेलनने ती बाजूला सारून पूर्ण यादी मागितली, बोट फिरवलं आणि एका नावावर थांबवलं.

“मॉरीन.”

साहेबांचा चेहरा पडला. मॉरीन कायद्याच्या पेपरात दोनदा नापास झाली होती.

चहाच्या निमित्ताने त्यांनी मला किचनमध्ये गाठलं. “ताई, तुम्ही तर आपल्याकडच्या. इन्स्पेक्शनला कोणी ढ पोरं पुढे करतं का? जरा सांभाळून घ्या.”

मला राग आला. आणि पाठोपाठ ओशाळल्यासारखंही झालं. मी पुण्यात शाळेत शिकवत होते तेव्हा, इन्स्पेक्टर तपासणीला यायच्या आदल्या दिवशी मीही अभ्यासात कच्च्या तीन मुलींना सांगितलं होतं, ‘उद्या नाही आलात तरी चालेल.’ त्या खूश झाल्या, मीही झाले. आपण काय केलं हे मला तोवर कधी टोचलंही नव्हतं.

“अहो, तुमचे विद्यार्थी आधीच घरी आहेत,” मी म्हटलं. “आणखी कुठे पाठवणार त्यांना? आणि तक्रारी खरंच नाहीत?”

उत्तर दारातून आलं. त्यांची मुलगी अनया, इथेच जन्मलेली, स्टुडंट सपोर्ट सांभाळणारी. “बाबा, ती कम्प्लेंट्सची रेड फाइल तू कारच्या बूटमध्ये, डिकीत, का ठेवला? मी काल होल इव्हनिंग शोधत होते!”

“हेलनला तुम्ही सांगता की मी सांगू?” मी साहेबांना विचारलं.

ते स्वतः खाली गेले, फाइल आणली आणि हेलनसमोर ठेवली. “मी लपवली होती. वाईट दिसेल असं वाटलं.”

“आता नक्कीच दिसतंय,” हेलन म्हणाली आणि तिने मॉरीनला फोन लावला.

मॉरीन नॉटिंगहॅमची, पंचावन्न वर्षांची. केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना उठवण्या-बसवण्यात तिची वीस वर्षं गेलेली. डेप्युटी मॅनेजरची जागा तिला द्यायची, असं मालकिणीने कबूल केलं होतं. अट एकच, डिप्लोमा यादीतल्या कॉलेजचा हवा.

“तक्रार? मी तीन केल्या, डक,” ती म्हणाली. तिकडे सगळ्यांनाच प्रेमाने डक म्हणतात. “महिना महिना पेपर तपासून येत नव्हता. मग त्या अनयाने ट्यूटर बदलून दिला. आता आठवड्यात येतो.”

“आणि दोनदा नापास झालात, त्याचं काय?”

“बरोबरच केलं त्यांनी. मला वाटायचं, दार बंद केलं की माणूस सेफ. डोकं चालत नसलं तरी माणसाला कायद्याच्या परवानगीशिवाय असं कोंडून ठेवता येत नाही, हे मला दुसऱ्यांदा नापास झाल्यावर कळलं.” मग जरा थांबून म्हणाली, “कॉलेजचं नाव राहील ना हो? परवा माझा तिसरा अटेम्प्ट आहे.”

“आत्ता सांगता येणार नाही,” हेलन म्हणाली. तेच खरं होतं.

मग हेलनने लाल फाइल पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक तक्रारीखाली अनयाने काय केलं, कोणत्या तारखेला केलं, ते लिहिलेलं. इतका भक्कम पुरावा आम्हाला क्वचित मिळतो, आणि तो गाडीत पडून होता! खोट्या कॉलेजात कोणी नापास होत नाही आणि कोणी तक्रारीला उत्तर देत नाही. इथे दोन्ही होत होतं.

मान्यता मिळाली, पण नेहमीच्या मुदतीऐवजी एकच वर्षाची. फाइल लपवल्याचं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. मॉरीन तिसऱ्यांदा पास झाली आणि डेप्युटी मॅनेजरही झाली.

महिन्याभराने सावळे साहेबांचा ईमेल आला. “ताई, पुढच्या तपासणीला साधारण किती तक्रारी असलेल्या बऱ्या? पंधरा पुरतील का?”

नियमाप्रमाणे मी तो इंग्रजीत करून हेलनला पाठवला. तिचं उत्तर आलं, “खऱ्या असतील तेवढ्या.”

तेव्हा ‘शंभर टक्के निकाल, शून्य तक्रारी’ अशी कुठे जाहिरात दिसली, तर नाव नोंदवण्याआधी आमची यादी बघा. यादी करताना आम्हीही चुकतो. पण निदान आमच्याविरुद्ध तक्रार करता येते.