एक माणूस आत राहिलाय

बाईंनी एकवीस वर्षं कोळशाच्या खाणीत, दिव्यांच्या खोलीत काढली. काम दिसायला सोपं. खाली उतरणाऱ्याला टोपीवरचा दिवा द्यायचा, त्याचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, आणि तो वर आला की दिवा घेऊन बिल्ला परत करायचा. पाळी संपल्यावर खिळ्यावर बिल्ला उरला, तर एक माणूस आत राहिलाय. मग साहेब येवो नाहीतर साहेबांचा साहेब, बाई खोलीला कुलूप लावू देत नसत. बहुतेक वेळा तो इसम दिवा डोक्यावर तसाच ठेवून नळावर गप्पा छाटत असे आणि बाईंची बोलणी खाई. दोनदा मात्र तो नळावर सापडला नाही. त्याबद्दल बाई कधी फारसं बोलत नाहीत.

पुढे ती खाण संपली आणि कंपनीने वस्तीभोवती उघडे खड्डे खणायला घेतले. एकातला कोळसा उपसला की त्याच्याकडे पाठ फिरवून शेजारी दुसरा. बाईंच्या परसामागे असे तीन झाले. घरांच्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. वस्तीतल्या बायकांनी बाईंना निवडणुकीला उभं केलं, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, इथले दिवे सांभाळलेस ते पुष्कळ झालं. तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस?" बाई निवडून आल्या. सर्वांत जास्त धक्का बसला तो त्यांनाच.

सभागृहात त्यांची जागा शेवटच्या रांगेत, पंख्याच्या बरोब्बर खाली. पहिली दोन वर्षं त्यांनी तोंड उघडलं ते जांभई द्यायला, असं विरोधक म्हणत. विरोधकांचं काय, ते म्हणतच असतात. मग सरकारने खाणींचं विधेयक आणलं. मागेल त्याला परवाना, असा त्याचा एकंदर थाट. बाईंनी त्यात एक कलम सुचवलं, जेमतेम तीन ओळींचं. वर्षाला दोनच नवे परवाने, आणि ज्या कंपनीने जुना खड्डा बुजवला नाही तिला एकही नाही. अकरा मिनिटं बोलल्या. आवाज कापत होता, पण एकही वाक्य वाया गेलं नाही.

विरोधात बोलले तात्या. सभागृहातले सगळ्यात वयस्कर, दुसऱ्या खाणपट्ट्यातून सहाव्यांदा निवडून आलेले, आवाज असा की माइकची गरज नाही. "खाण थांबली की चूल थांबते!" असं म्हणून त्यांनी बाक दणाणून सोडला.

मतदानाची तिथली पद्धत जुनी आहे. बाजूने असणारे उजव्या दालनात जातात, विरोधातले डाव्या. दारं बंद होतात. मग एकेक जण बाहेर येतो आणि दाराशी उभा असलेला कारकून मोजतो. कलम बाईंचं, म्हणून त्या सगळ्यांच्या शेवटी उठल्या. आकडा आला. बाजूने बेचाळीस, विरोधात एक्केचाळीस.

मागच्या रांगेत एकच जल्लोष झाला. कुणी बाईंची पाठ थोपटली. अध्यक्ष निकाल वाचायला उभे राहिले, पण बाईंचा हिशोब जुळेना. डाव्या दालनात शिरलेली माणसं त्यांनी मोजली होती. मुद्दाम नाही, हो. समोरून माणसं एका दारात शिरू लागली की त्यांचं मन आपोआप मोजायला लागतं, खोड ती खोड. आणि शिरले होते बेचाळीस.

गप्प बसल्या असत्या तर कलम पास होतं. मागचे तीन खड्डे बुजले असते. हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि तरी त्या उठल्या.

"अध्यक्षमहाराज, एक माणूस आत राहिलाय."

सभागृह हसलं. बाई बसेनात. शेवटी कारकुनाने डावं दालन उघडलं, तर तात्या कोपऱ्यातल्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होते!

मतं समसमान झाली. अशा वेळी अध्यक्षांनी चर्चेचं दार उघडं ठेवायचं, हा तिथला जुना पायंडा. आठ दिवसांनी फेरमतदान ठरलं. बाईंच्या पक्षातले लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात," एवढंच एक जण जाताजाता म्हणाला. बाईंना रडू आलं, पण पश्चात्ताप म्हणाल तर नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तात्या त्यांच्या समोर येऊन बसले.

"बाई, मला झोपू दिलं असतंत तर जिंकला असतात. का उठवलंत?"

"आत राहिलेला आपला की परका, हे आम्ही कधी विचारलं नाही, तात्या."

तात्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "ते तुमचं कलम जरा वाचा बघू," ते म्हणाले. "खरं सांगतो, मी वाचलेलं नाही. पक्षाने सांगितलं, डाव्या दालनात गेलो."

बाईंनी वाचलं. तात्यांनी एकच गोष्ट विचारली. खड्डा बुजवायचं काम कुणाला? ज्या मजुरांनी तो खणला त्यांनाच आधी मिळालं पाहिजे, तर त्यांच्या पट्ट्यातल्या चुली चालतील. हे बाईंना सुचलंच नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे कागदावर चौथी ओळ लिहिली, आणि ती तात्यांना पुन्हा वाचून दाखवली.

आठ दिवसांनी तात्या उजव्या दालनात गेले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या पट्ट्यातले आणखी तिघे. कलम पास झालं.

पावसाळा संपल्यावर परसामागच्या पहिल्या खड्ड्यावर काम सुरू झालं. बाई आणि त्यांचा नवरा सकाळचा चहा घेऊन कुंपणाशी उभे होते. वस्तीतली निम्मी माणसं तिथेच होती. इतकी वर्षं त्यांनी ट्रक रिकामे उतरताना आणि भरून वर येताना पाहिले होते. त्या दिवशी मातीने भरलेला ट्रक खाली उतरला. वर आला तो रिकामा.

"अगं, बघ," नवरा म्हणाला, आणि चहाचा कप कुंपणावर ठेवून रिकाम्या ट्रककडे बोट दाखवू लागला.