सहा रिकाम्या घरांची फडकी

जपानमधल्या इवामीच्या किनाऱ्यावरच्या गावांत हिसाएची किराणा गाडी दर मंगळवारी फिरायची. अठ्ठावन्न वर्षांची बाई, तोंडाने फटकळ, पण कुणाला काय चावता येतं नि काय पचतं ते तिला पाठ. नवरा गेल्यावर गाडीचं चाक हातात घेतलं, ते सोडलंच नाही.

कुरोहामा हे तिचं शेवटचं गाव. घाटाच्या वळणावरून खाली बघायचं. ज्याला सामान हवं, त्याने दाराशी बांबूला पिवळं फडकं लावायचं. पाचाहून कमी फडकी दिसली तर गाडी खाली न्यायची नाही, असा ती जिच्यासाठी गाडी चालवायची त्या सहकारी संस्थेचा नियम.

गावात आता एकटा तोकुहेई उरला होता, वय एक्क्याण्णव. तरी दर मंगळवारी सात फडकी दिसायची. शेजारच्या सहा बंद घरांना म्हातारा स्वतःच फडकी लावायचा, शेवटी आपल्या घराला. हिसाएला सगळं कळत होतं. ती वहीत बेधडक ‘सात घरं’ लिहायची.

“हमासे काकूंना टोफू हवाय. घट्टवाला,” तो गंभीरपणे सांगायचा.

“त्यांना जाऊन चार वर्षं झाली, आजोबा. त्यांचे दात शाबूत आहेत वाटतं अजून?”

“तुला टोफू विकायचाय की चौकशी करायचीय, पोरी?”

मग तो एकेक टोफू एकेका उंबऱ्यावर ठेवायचा, हात जोडायचा, संध्याकाळी उचलून आणायचा आणि आठवडाभर टोफूच खायचा. हिसाए हसायची, पण त्या बंद दारांकडे पाठ करून उभं राहणं तिला कधी जमलं नाही.

त्या मंगळवारी सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. फडकी नसली तर बरंच, असं मनात म्हणत ती वळणावर थांबली. वारा पडला होता, समुद्र तेलासारखा निपचित. खाली सहा फडकी जोरजोरात हलत होती. सातवं नव्हतं. तोकुहेईचा बांबू मोकळा होता.

हिसाएने गाडी खाली दामटली आणि थेट त्याच्या घरात शिरली.

तोकुहेई माजघरात आडवा पडला होता. पाय मोडलेला, ओठ फुटलेले, पण श्वास चालू होता. तिने त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं आणि अँब्युलन्सला फोन लावला.

“कधी पडलात?”

“रविवारी. अजून एक रात्र निघाली नसती गं.”

“मग फडकी कुणी लावली?”

“कुठली फडकी? ती काय, धुऊन ठेवलीत.”

त्याच्या उशाशी टोपली होती. तिने मोजली. घडी घातलेली सातच्या सात फडकी, कोरडी. ती धावत दाराशी गेली. सहाही बांबू उघडे होते. हमासे काकूंच्या उंबऱ्यावर मात्र ओल्या पावलांचे ठसे होते, आणि ते तोकुहेईच्या दाराशी येऊन थांबले होते.

तोकुहेई वाचला, आणि लेकीकडे शहरात गेला. कुरोहामा आता संस्थेच्या यादीत नाही.

हिसाए तरीही मंगळवारी वळणावर थांबते. खाली एकही फडकं दिसत नाही. ती घाट उतरते, स्वतःच्या पैशाने सहा टोफू सहा उंबऱ्यांवर ठेवते आणि हात जोडते. संध्याकाळी ते उचलायला तिथे कुणी नसतं. पुढच्या मंगळवारी उंबरे स्वच्छ असतात.