आवाज येतोय म्हणणारे खांबेटेकाका

खांबेटेकाकांची आणि माझी पहिली ओळख झाली ती मी गाडीखाली आडवा असताना. नॉटिंगहॅमला आपल्या मंडळाचा गणपती होता. बायकोची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी, म्हणून मी एकटाच गेलो होतो, कामाची डिलिव्हरी व्हॅन घेऊन. हॉलच्या कार पार्कमध्ये व्हॅन लावून उतरतोय तोच कुर्ता-जाकीट घातलेले एक गृहस्थ समोर उभे. नाव नाही, गाव नाही. म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय. जॅक आहे का?"

मी म्हणालो, आरतीनंतर बघू. तर म्हणे, आरतीनंतर हीच व्हॅन चालवत घरी जाणार ना? झालं. आत आरती चालू आणि मी नव्या पांढऱ्या शर्टात डांबरावर पाठ टेकून चाक हलवतोय. काहीही निघालं नाही. मी चिडूनच तसं सांगितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी बक्षीस दिलंय. "काही नाही? बरं झालं," म्हणाले, आणि माझा काळा झालेला हात धरून मला प्रसादाला घेऊन गेले.

हे गृहस्थ जरा विचित्र आहेत, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठी लिहायला बसलोय, तरी मत फारसं बदललेलं नाही. संपादकांनी बजावलंय की गौरवलेख हवा, तक्रारअर्ज नको. मी नववीत शाळा सोडलेला, मिरजेच्या गॅरेजमध्ये वाढलेला माणूस. दोन्हींतला फरक मला नीट जमेलच असं नाही.

काका आयुष्यभर ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनाच्या कारखान्यात होते. इंजिन चाचणीला लावायचं, ते फिरायला लागलं की ऐकत उभं राहायचं, आणि शंका आली तर बंद करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी साठच्या दशकातली दोन सीटची, बिनछपराची स्पोर्ट्स कार घेतली आणि दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या सहा तासांच्या शर्यतीत उतरायला लागले. गाडी एक, चालक दोन, आळीपाळीने. दुसरी चालक त्यांची मुलगी रेवा, जी नॉटिंगहॅमला डॉक्टर आहे. म्हणून गाडीही इथेच, एका जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये असते. मी वेअरहाऊस सोडलं होतं, टेकअवेचं किचन सोडलं होतं, व्हॅन सोडायच्या बेतात होतो. काका मला त्या वर्कशॉपच्या मालकाकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "हा मुलगा पांढऱ्या शर्टात गाडीखाली झोपला. ह्याला ठेवा." एवढीच शिफारस. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, पण इथून मी हललो नाही.

हललो नाही म्हणजे पस्तावलो नाही असं नाही. या शर्यतीचा नियम असा की सहा तास झाले आणि झेंडा पडला की गाडीने ट्रॅकवर, स्वतःच्या ताकदीने रेषा ओलांडायला हवी. त्या वेळी गाडी पिटमध्ये, म्हणजे आमच्या दुरुस्तीच्या जागेत, उभी असेल तर शर्यत पुरी केली असं धरत नाहीत. आणि काकांनी ती एकदाही पुरी केलेली नव्हती. गाडी मोडली म्हणून नाही. दर वर्षी कधीतरी काकांना आवाज यायचा. स्वतः चालवत असले तर सरळ आत यायचे. रेवा चालवत असली तर मला पिट बोर्ड दाखवायला लावायचे. हा बोर्ड म्हणजे ट्रॅकलगतच्या भिंतीवरून चालकाला दाखवायची पाटी. आत आलेली गाडी मग बाहेर जायची नाही. शेजारच्या टीमचे इंग्रज लोक चहा घेऊन यायचे आणि हसू दाबत विचारायचे, पुन्हा आवाज का?

मी खूप भांडलोय. काका शांतपणे म्हणायचे, "बंद केलेलं इंजिन उद्या पुन्हा चालू करता येतं." शिवाय एका वर्षी चाक काढलं तर हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, खरोखरच तडा होता, आणि पुढची पाळी रेवाची होती. त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालं. रागात असताना सुद्धा तो तडा आठवायचा, आणि त्यामुळे राग जास्तच यायचा.

माणसांच्या बाबतीतही काकांचं तेच. एकदा दोन दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही. फोन बंद पडला होता, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका आणि नलिनीकाकू ब्रिस्टलहून गाडी चालवत आलेले, हातात डबा. मी चादर गुंडाळून दारात. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, विचारलं, "काही नाही ना? बरं झालं," आणि जायला वळले. काकूंनी त्यांना कॉलर धरून थांबवलं, म्हणाल्या, अहो, निदान चहा तरी घेऊ द्या मला.

आता यंदाचं सांगतो. पंचाहत्तरीचं वर्ष. काकांनी शर्यतीआधीच जाहीर केलं होतं की यानंतर आपण चालवणार नाही. म्हणजे पुरी करायची ही शेवटचीच संधी. काका पहिले काही तास सुरेख चालवून उतरले, रेवा बसली. शेवटचा अर्धा तास उरला होता. आणि भिंतीपाशी उभ्या काकांनी मान तिरकी केली.

"आवाज येतोय. मागच्या एक्सलचा. तिला आत बोलाव."

एवढ्या गाड्यांच्या कल्लोळात एक्सल, म्हणजे चाकांमधला दांडा, कसा ऐकू येतो, असं मी विचारलं. त्यांनी नुसता बोर्डाकडे हात केला. मी बोर्ड दाखवला.

रेवा आत आली ती हेल्मेट काढतच. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "बाबा, प्रेशर ओके, टेंपरेचर ओके. का बोलावला मला?"

आम्ही गाडी मागून उचलली, चाकं फिरवली. काही नाही. काका म्हणाले, बंद करा, राहू दे. एरवी काकू फोल्डिंगच्या खुर्चीत बसून सँडविचला चटणी लावत असतात, शर्यतीकडे बघतही नाहीत. त्या उठून आल्या.

"अहो, घरातला स्मोक अलार्म वाजतो तो तुम्हाला ऐकू येत नाही. आणि पलीकडच्या वळणावरचा एक्सल ऐकू येतो?"

रेवा हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी दोन वर्षं सांगते. कान टेस्ट करा."

मला काय सुचलं कोण जाणे, मी रेवाला इंजिन बंद करायला सांगितलं. गाडी जॅकवर, चाकं हवेत, सगळं गप्प. ट्रॅकवरही नेमकं कुणी समोरून जात नव्हतं.

"काका, आता येतोय का आवाज?"

त्यांनी मान तिरकी केली. डोळे मिटले. कारखान्यात इंजिनासमोर ते असेच उभे राहत असणार. "नाही येत" असं खोटं बोलले असते तर कुणाला कळलं नसतं. शर्यत गेली असती आणि मान राहिला असता.

"येतोय," काका म्हणाले.

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "गाडी खाली घे. रेवा, जा."

ती गेली. उरलेला वेळ काका भिंतीकडे पाठ करून उभे होते, काकूंनी त्यांचा दंड धरलेला. झेंडा पडला, आमची हिरवी गाडी रेषेवरून गेली. कितवी आली विचारू नका. शेजारचे इंग्रज टाळ्या वाजवत होते, आणि या वेळी हसू दाबत नव्हते.

सामान भरताना काकांनी मला बाजूला घेतलं. "आधीच्या वर्षीही हेच असेल का रे? तुम्हा सगळ्यांच्या शर्यती मी फुकट घालवल्या?" मी म्हणालो, हबचा तडा तरी कानातला नव्हता. त्यांनी जॅक उचलून गाडीत ठेवला. मग काय म्हणावं? "तरीपण तो एक्सल एकदा उघडून बघ."

सोमवारी उघडला. पूर्ण. दिवस गेला माझा. फोन करून सांगितलं की काहीही निघालं नाही. पलीकडून तेच, "बरं झालं."

पुढच्या महिन्यात काकांच्या कानाची तपासणी आहे. रेवाने वेळ घेतली आहे, आणि त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आहे. एकटे सोडले तर वाटेत कुणाच्या तरी व्हॅनपाशी थांबतील. अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असं म्हणतात, ते मीही मनापासून म्हणतो. पण त्याआधी माझं मागणं छोटं आहे. डॉक्टरांनी काकांना सगळीकडून नीट तपासावं, घाई करू नये, आणि काहीही निघू नये. बाहेर मी उभा असेन. त्या दिवशी "बरं झालं" म्हणायची पाळी माझी असू दे.