साडभाऊंनी टायमिंग बसवलं

बंद वस्तूवर जराही विश्वास न ठेवता सत्तरी गाठलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याचे. पाटबंधारे खात्याच्या जीपगाड्या सांभाळता सांभाळता तिथेच निवृत्त झाले. त्यांच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी उघडली जाते, मग जोडली जाते आणि मगच तिला वीज मिळते. मिक्सर, कूलर, शिलाई मशीन, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांनी या घरात येताना पोट दाखवलेलं आहे. आमच्या लग्नात त्यांनी आम्हाला टेबलफॅन दिला होता. खोक्याची चिकटपट्टी फाडलेली पाहून मी मनातल्या मनात निकाल लावला की माणसानं वापरलेला पंखा खपवला. दोन वर्षं मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो. मग एकदा सहज विषय निघाला तेव्हा म्हणाले, "अंदर ग्रीस कमी होतं, सर. भरून देल्लं." तो पंखा आजही फिरतो. लग्नात आलेल्या वस्तूंपैकी तो आणि मी, एवढेच दोघं अजून चालू आहोत, आणि त्यातलाही तो कुरकुर करत नाही.

उघडलेले सुटे भाग ते जेवणाच्या ताटांत मांडतात. डावीकडून उजवीकडे, निघाले त्या क्रमानं. ताटांची ही रांग ओलांडायची नाही, असा घरचा दंडक आहे. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, या व्यवस्थेला इतक्या सरावल्या आहेत की एकदा त्यांच्याकडे जेवताना मी पोळी घ्यायला डबा उघडला आणि आत फडक्यात गुंडाळलेला कार्ब्युरेटर निघाला, तर त्या वाढता वाढता म्हणाल्या, "तो नाही, खालचा डबा." आणि तिसरी गोष्ट म्हणजे, दुरुस्त केलेलं कुठलंही यंत्र ते एकदम चालू करत नाहीत. आधी हातानं फिरवून पाहतात. पंखा असो, शिलाई मशीन असो, आधी हात, मग बटण. मला या सवयीचं फार हसू येत असे. हे हसू माझ्या अंगाशी कसं आलं, ते सांगतो.

मी अमरावतीला एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि राजापेठेत राहतो. आमच्याकडे बाबांची जुनी पेट्रोल गाडी आहे. बाबांच्या पायाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बसमध्ये चढता येत नाही, दुसऱ्याच्या गाडीत बसायला ते तयार नसतात, आणि भातकुलीला आपल्या शेतातली तूर पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यामुळे ती गाडी म्हणजेच त्यांचे पाय. मागच्या हिवाळ्यात इंजिनातून टिकटिक यायला लागली, गाडी चढावर धापा टाकू लागली आणि एका गॅरेजवाल्यानं सांगून टाकलं की कॅमशाफ्ट घासला, याच्यात जीव घालू नका, भंगारात द्या. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

मी अकोल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ बसनं हजर. हातात त्यांच्या लग्नातली सुटकेस, सुटकेसमध्ये पाने-पकडी. नवा कॅमशाफ्ट मी नागपूरच्या एका दुकानातून आधीच मागवून ठेवला होता. या गाडीचा त्या दुकानातला तो शेवटचा. "जय भीम, सर," म्हणत त्यांनी चहाच्या आधी बोनेट उघडलं आणि चहा संपायच्या आत माझ्या बायकोची सहा ताटं अंगणात मांडली गेली.

कॅमशाफ्ट म्हणजे काय, ते मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. मी तेवढ्या काळात मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले होते आणि माझा स्वभाव असा, की अकरा व्हिडिओ पाहिलेल्या विषयावर मी बाराव्या माणसाला शिकवायला लागतो. साडभाऊंना मी ते समजावू लागलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग जुना दांडा काढून माझ्या हातात दिला. अंड्यासारखे फुगवटे असलेला दांडा, त्यातला एक फुगवटा झिजून सपाट झालेला. "हे पाहा. खाली क्रँक हाये, वर कॅम. क्रँक दोन चकरा मारते तवा कॅम एक मारते. म्हंजे क्रँक तुमी अन् कॅम घरची बाई. धावपळ तुमची, पन कोनता दरवाजा कवा उघडाचा अन् कवा लावाचा, ते तीच ठरवते. दोघायचा मेळ चुकला की पिस्टन वर येते, अन् त्या उघड्या दरवाजावर, म्हंजे वालवर, आदळते. मंग सारंच वाकडं." व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले बाबा हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

नवा कॅमशाफ्ट तेलानं न्हाऊ घालून त्यांनी जागेवर बसवला. वरचे बोल्ट एकदम न आवळता थोडे थोडे, आळीपाळीनं, आवळले. आता टायमिंग बसवायचं, म्हणजे दोन खुणा जुळवायच्या होत्या. कॅमच्या चाकावरची वर आणि क्रँकच्या चाकावरची खाली. दोन्ही जुळल्या की दातेरी पट्टा चढवायचा. खालची खूण त्यांनी स्वतः जुळवली, पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सर, हे धरून राहा. खूण सोडाची नाही. मी पट्टा आनतो."

ते सुटकेसकडे वळले आणि माझ्या मनात आलं की हा क्षण टिपला पाहिजे. हाताला काळं तेल, शर्टाच्या बाह्या वर, पाठीमागे उघडं इंजिन. कॉलेजच्या ग्रुपवर टाकला तर इंग्रजी विभागाची बोलतीच बंद होईल. मी एका हातानं मोबाइल काढला, चेहऱ्यावर कष्टकरी भाव आणला आणि नीट दिसावं म्हणून जरा वाकलो. पाना खाली गेला. पान्याबरोबर क्रँकही फिरला. मी घाईनं उलटं फिरवून खूण शोधली. चाकावर दोन खुणा होत्या. त्यातली मला जी जास्त खुणेसारखी वाटली, ती मी जुळवली. साडभाऊ पट्टा घेऊन आले. "खूण बराबर हाये ना, सर?"

"बरोब्बर," मी म्हणालो. एम.ए., पीएच.डी. असलेल्या माणसाचा शब्द. त्यांनी तो मानला आणि पट्टा चढवला, ताण बसवला.

मला फक्त चावी फिरवायची घाई झाली होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलोसुद्धा. साडभाऊ म्हणाले, "थांबा, अगुदर हातानं." मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. त्यांनी पाना लावून क्रँक हळूहळू फिरवला. अर्धा फेरा गेला आणि इंजिनात कुठंतरी मऊ 'टक्' झालं. पाना अडला. त्यांनी जोर लावला नाही. हात तिथेच ठेवून उभे राहिले. चावीनं सुरू केलं असतं तर या 'टक्'चा खडखडाट झाला असता, वाल वाकले असते, आणि शेवटच्या कॅमशाफ्टसकट बाबांचे पाय भंगारात गेले असते. हे मला व्हिडिओ न पाहता समजलं. मी सीटवरून खाली उतरलो.

"खूण हालली होती का, सर?"

गुन्हा कबूल करताना कर्मणी प्रयोगाइतका आधार दुसरा नाही, हे मी वीस वर्षं शिकवूनही मला त्या दिवशी कळलं. "अं... माझ्याकडून कदाचित... हलवली गेली असावी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "पाना कोनाच्या हातात होता, येवढंच सांगा."

"माझ्या. मी हलवली. फोटो काढत होतो."

"हां. मंग सोपं हाये," ते म्हणाले. "कावून अडलं ते मालूम झालं ना. आता मले हुडकत बसाचं काम नाही." आणि पट्टा उतरवला. दुसऱ्या वेळी त्यांनी दोन खुणांतली खरी कोणती ते मला बोट ठेवून दाखवलं, आणि पट्टा मलाच चढवायला लावला. त्यांनी आपला तळवा माझ्या मनगटाखाली नुसता धरला. मग दोन पूर्ण फेरे मी हातानं फिरवले. कुठं अडलं नाही. दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या जागी येऊन थांबल्या. मग चावी. दोनदा इंजिन नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा लागलं. व्हरांड्यातले बाबा काठी न घेता उभे राहिले होते, ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

जेवताना बायकोनं विचारलं, एवढा वेळ का लागला? मी वरणात तोंड घातलं. साडभाऊ म्हणाले, "माह्या हातून पट्टा चुकला, पुन्हा चढवा लागला." बायको माझ्याकडे वळली. "बघा, इतका अनुभव असून माणूस चूक कशी मान्य करतो. शिका जरा." मी शिकलो नाही. गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन आम्ही दोघं भातकुलीला गेलो. साडभाऊ मागच्या सीटवर मान टाकून झोपले होते. तूर फुलावर होती. बाबा काठी टेकत बांधापर्यंत गेले, एक फांदी वाकवून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी खुर्चीवरून सारं पाहिलं बरं. सांगून टाक तिले." घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. साध्या कर्तरी प्रयोगात. ती म्हणाली, "मला माहीत होतं. ते चुकत नाहीत, आणि तुम्ही गप्प बसत नाही."

यंदा साडभाऊ आणि ताई पुण्याला मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी सुटकेस आमच्याकडे ठेवली. तिकडच्या सोसायटीत गाडी उघडायला मनाई आहे, आणि मुलाची गाडी बॅटरीवरची. "बोनेट उघडलं त एक पेटी दिसते, सर. पेटीवर लिवलं हाये, उघडू नका," एकदा फोनवर म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. बाबांची चौकशी झाली, तुरीची झाली. मग म्हणाले, "सर, गाडी घरी हाये का? चालू करा न जरा. बोनेट उघडून फोन तिथं धरा." मी खाली गेलो. शेजारच्या ट्यूशनला आलेली पोरं आपल्या स्कूटींवर बसून पाहत होती की हे सर इंजिनाला फोनवर कुणाशी बोलायला लावताहेत. इंजिन संथ चाललं होतं. चार-पाच मिनिटं तसाच उभा राहिलो, हात अवघडला. शेवटी मी फोन कानाला लावून विचारलं, "ऐकू आलं का?"

"येऊन राहिलं," ते म्हणाले. "काही बोलू नका. राहू द्या अजून थोडा वेळ."

मी दुसऱ्या हातानं फोन धरला.