मिस्त्रीच्या खिडकीची काच

चूक झाली तेव्हा तो शीळ घालत होता.

रविवारची दुपार होती. थोरल्या भावाच्या बाथरूममधला आरसा एका कडेनं सुटला होता, तो चिकटवून झाला होता आणि पिस्तुलासारख्या त्या अवजारात बोटभर सिलिकॉन उरलं होतं. उरलेलं सिलिकॉन नळीतच वाळून दगड होतं, आणि तसं होऊ देणं त्याच्या जिवावर यायचं. बाहेर जिन्याखाली दादाची मोटारसायकल उभी होती. सायलेन्सरचा पाइप इंजिनातून जिथं बाहेर पडतो तिथून हल्ली फटफट आवाज यायचा, तो त्यानं येताजाता ऐकला होता. उकिडवं बसून त्यानं बोट फिरवलं. बारीकशी फट होती. झालं. त्यानं नळीचं तोंड लावलं, फट काठोकाठ भरली आणि अंगठा ओला करून असा काही सफाईनं फिरवला की गाडी कंपनीतूनच तशी आली असावी. दादा आत झोपला होता. त्याला उठवून सांगायचं काही कारण नव्हतं. केलेला उपकार आपण होऊन सांगू नये, समोरच्यानं दोन दिवसांनी विचारावं आणि आपण "अरे, ते होय" म्हणावं, यात त्याला भारी गोडी.

त्याला सगळे बंदोबस्त म्हणत. धंदा काचेचा, आणि नाव स्वतःच्या जिभेनं कमावलेलं. कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा पेला हातात यायच्या आत त्याची नजर खिडक्यांवरून फिरून यायची आणि मग ठरलेलं वाक्य, "याचा बंदोबस्त करायला पाहिजे." एकदा तो एका घरी सांत्वनाला गेला आणि निघताना त्यांच्या कपाटाची हलणारी काच पक्की करून आला. त्या घरच्यांना रडावं की आभार मानावेत, काही सुचेना. वहिनी म्हणायची, "भाऊजी, आमच्या दातांमधल्या फटी तेवढ्या सोडा हं." सिलिकॉन फिरवून फिरवून त्याच्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसल्या होत्या. ठसे घेणारं यंत्र त्याला माणूस मानत नसे. कचेरीतल्या बाईनं अंगठा धुऊन यायला सांगितलं, की तो धुऊन यायचा, आणि यंत्र पुन्हा नाही म्हणायचं.

काच कापायचा पहिला हिरा त्याला दादानं घेऊन दिला होता. वडील गेले तेव्हा दादा छापखान्यात लागलेला होता आणि धाकट्याचं शाळेत मन रमत नव्हतं. दादानं त्याचे वाभाडे काढले नाहीत, भाषण दिलं नाही, जादा पाळ्या केल्या आणि एक दिवस कागदात गुंडाळलेला तो हिरा त्याच्या पुढ्यात ठेवला. पुढं छापखाना बंद पडला तेव्हा दादाच्या डोक्यावरचे केस निम्मे पांढरे होते. वर्षभर तो घरी बसला. घरी बसलेल्या माणसाला घर किती लहान असतं ते कळतं. वहिनी केर काढायला लागली की तो पाय वर घ्यायचा आणि वर तिची माफी मागायचा. त्या माफीनं वहिनी जास्त चिडायची.

मग हे काम मिळालं. गावातल्या लहानसहान दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, बर्फ भरलेल्या निळ्या डब्यात ठेवायचे आणि वेळेत मोठ्या लॅबमध्ये पोचवायचे. शिक्षणाची अट नव्हती, वयाची नव्हती. गाडी स्वतःची आणि धडधाकट हवी, एवढंच. या वयात दुसरं कुणी दारात उभं करणार नाही हे दादाला ठाऊक होतं, वहिनीला ठाऊक होतं, आणि कुणी ते बोलून दाखवत नव्हतं. दादा सकाळी तो डबा मागच्या सीटवर बांधायचा तेव्हा आत कुणाचं तरी तान्हं झोपलंय अशा हातानं बांधायचा.

त्या रविवारनंतर गाडी बिघडत गेली. आधी मीटरवर एक पिवळा दिवा लागला आणि विझायचं नाव घेईना. मग मागून काळा धूर. पेट्रोल पाण्यासारखं जायला लागलं. सिग्नलला थांबलं की इंजिन मान टाकायचं. बंदोबस्तनं कंपनीला शिव्या दिल्या, पेट्रोल पंपवाल्याला दिल्या, दादाला म्हणाला की हल्लीच्या गाड्यांत दम नाही. मग एका दुपारी, गावाबाहेरच्या चढावर, गाडी जी बंद पडली ती पडलीच. दादानं ती उन्हात ढकलत आणली. डब्यातला बर्फ वितळला. लॅबच्या बाईंनी नमुने घेतले, नाक मुरडलं आणि त्याला सांगितलं की आधी गाडी नीट करा, मग या.

गॅरेजचा मिस्त्री कमी बोलणारा. त्याच्या गॅरेजला एक खिडकी होती आणि तिला काच नव्हती, टायरच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकलेला होता. बंदोबस्तची नजर अर्थातच आधी तिथं गेली. मिस्त्रीनं गाडी तपासली आणि म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. दोघा भावांची तोंडं बघून त्यानं आणखी चार शब्द खर्च केले. हा सेन्सर पाइपात बसून धूर हुंगतो आणि पेट्रोल जास्त झालं की कमी, ते वर कळवतो. आता तो काहीच्या बाही कळवतोय आणि गाडी खुळ्यासारखी पेट्रोल ओततेय. नवीन टाकावा लागेल, आणि तो इथं मिळत नाही.

"मी आणतो," बंदोबस्त म्हणाला. त्याचा बंदोबस्त कुणीतरी करायलाच हवा होता.

तो पहाटेच्या बसनं शहरात गेला, पार्टांच्या चार दुकानांतून नकार ऐकला, पाचव्यात मिळाला. येताना ती चिमुकली डबी त्यानं मांडीवर धरली, काच आणावी तशी. शेजारच्या प्रवाशाला तीनदा सांगितलं की धक्का लावू नका, नाजूक आहे. भावाच्या उपयोगी पडल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ होतं की त्या प्रवाशाला वाटलं असेल, डबीत सोनं आहे.

संध्याकाळी मिस्त्रीनं काम काढलं. गार असताना सेन्सर पाइपाला धरून बसतो, जोर केला तर आटेच घेऊन बाहेर येतो, म्हणून आधी त्यानं इंजिन कसंबसं चालू ठेवून पाइप गरम केला. तेल मारलं, थांबला. वायर बाहेर निघायला खाच असलेला एक पाना होता त्याच्याकडे, तो त्यानं हाताशी घेतला. एवढ्यात दादाचा फोन वाजला. लॅबच्या बाई होत्या. दादा फोन कानाला लावून रस्त्यावर गेला.

पाइपावरचं पत्र्याचं झाकण काढताना मिस्त्री थबकला. सांध्याला काहीतरी राखाडी, चावून टाकल्यासारखं चिकटलेलं होतं. त्यानं ते पान्याच्या टोकानं खरवडलं, वास घेतला. मग पाना फिरवला. सेन्सर कुरकुरत सुटला. मिस्त्रीनं तो दिव्याखाली धरला.

"हे काळं पाहिजे होतं," तो म्हणाला. "धुरात राहून काजळी धरते. हे बघ."

टोक पांढरं होतं. चुन्याचं बोट लावावं तसं.

"सिलिकॉन भरलंय कुणीतरी सांध्यात. ते जळतं आणि त्याची वाफ इथं येऊन बसते. पुसून जात नाही. मेला तो मेला." मिस्त्रीनं मान वर केली नाही. "साधं घरगुती सिलिकॉन. आरशाला लावतात ते."

बंदोबस्त स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. गाडीखाली तेलाचा थेंब पडत होता, त्याचा आवाज येत होता. त्यानं ठरवलं की दादा आत आला की सांगून टाकायचं. हसत सांगायचं, म्हणजे दादा एक शिवी देईल, वहिनी महिनाभर चेष्टा करील, आणि संपेल. वाक्यही त्यानं मनात जुळवलं.

दादा आत आला तो भिंतीला टेकला. फोन अजून हातातच होता.

"काय म्हणाल्या?" बंदोबस्तनं विचारलं.

"सोमवारी या म्हणाल्या, बघू." दादानं कपाळ पुसलं. "त्या दिवशी डब्यात एका लहान पोरीचा नमुना होता रे. कमरेच्या हाडात सुई घालून काढतात तो. खराब झाला. तिला काल परत पालथं निजवून टोचलं."

त्यानं फोन खिशात टाकला.

"दोघांनी धरून ठेवली होती म्हणे," दादा म्हणाला. मग मिस्त्रीकडे वळून, "कशामुळं गेला हो हा?"

मिस्त्रीनं एकदा बंदोबस्तकडे बघितलं. फडकं घेतलं, हात पुसले, एकेक बोट पुसलं. त्यानं बोलायला मोकळी ठेवलेली ती जागा बंदोबस्तला दिसत होती, दार उघडं ठेवल्यासारखी. आत शिरायला एक शब्द पुरला असता. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"जुना झाला," मिस्त्री शेवटी म्हणाला. "वस्तू आहे. मरते."

नवा सेन्सर त्यानं टोकाला बोट न लावता बाहेर काढला. आट्यांवर तेवढं तांब्याचं ग्रीस फिरवलं, हातानं बसवला, मग पान्यानं आवळला, वायर जोडली. सांध्यातली घाण खरवडून तिथं धातूचं नवं वायसर घातलं, जे मुळात तिथं हवं होतं आणि किमतीला काहीच नव्हतं. गाडी एका किकमध्ये लागली. फटफट गेली होती. पिवळा दिवाही विझला. दादानं हात खिशात घातला तशी मिस्त्रीनं मान हलवली. पार्ट तुमचा होता, मजुरी नको.

"तुमचा भाऊ त्या खिडकीला काच बसवून देईल," तो बंदोबस्तकडे बघत म्हणाला. "म्हणजे फिटलं."

बंदोबस्तनं तिथल्या तिथं माप घेतलं. आकडा डोक्यात राहिला नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतलं.

घरी जाताना दादा त्याला मागं बसवून घेऊन गेला. वाऱ्यात मान मागं करून म्हणाला, "तू होतास म्हणून, धाकट्या."

सोमवारी दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅबमध्ये गेला. निळा डबा दुसऱ्या गाडीवर बांधलेला होता. बाई वाईट वागल्या नाहीत. चहा मागवला. गाडी नीट झाली हे ऐकून बरं वाटलं म्हणाल्या. पण आमचं काम भरवशाचं आहे ना काका, म्हणाल्या. दादा चहा पिऊन परत आला. शर्ट काढून त्यानं घडी करून ठेवला.

वहिनीनं बंदोबस्तची चेष्टा करणं सोडलं. आता तो आला की ती उठून उभी राहते आणि ताट आधी त्याच्यापुढं ठेवते. शेजारणींना सांगते, लोकांचे सख्खे भाऊ बघ्यासारखे उभे राहतात, आमचे भाऊजी पहाटेच्या बसनं गेले. तो मान खाली घालून जेवतो. बाथरूमचं दार खालून कुजलंय, खिडकीची एक काच सैल झाली आहे. त्याला दिसतं. तो काही म्हणत नाही.

दादा हल्ली त्याच्या दुकानात येऊन बसतो. मोठी काच कापताना दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. दादा फडकं लावून नीट धरतो. पगाराचा विषय काढला की म्हणतो, घरचंच आहे.

मिस्त्रीची काच बंदोबस्तनं केव्हाच कापून ठेवली आहे. मापात, कडा घासून, कोपऱ्यात भिंतीला टेकवून. एकदोघांनी त्याच मापाची मागितली, तर त्यानं दुसरी कापून दिली. पुठ्ठा अजून तिथंच आहे, एका कडेनं सुटलाय. मिस्त्री रस्त्यात दिसला की विचारत नाही, आणि ते जास्त जड जातं.

"अरे, मिस्त्रीची काच देऊन टाकू आज," परवा दादा म्हणाला. "किती दिवस ठेवायची? मी गाडी चालवतो, तू मागं बसून धर. आता कशी झकास चालते बघ, उगाच उभी असते."

"उद्या जाऊ," बंदोबस्त म्हणाला.

दादानं फडकं घेतलं, काचेवरची धूळ दोन्ही बाजूंनी पुसली आणि ती जपून परत भिंतीला टेकवली.