उन्हात वाळवलेल्या मोटरी

दादा जाऊन आता चौथा महिना आहे. लोक अजून भेटायला येतात आणि सांगतात, तुमच्या भावाने भरलेली मोटर आमच्या विहिरीवर पंधरा वर्षं चालली. मी मान हलवते. मला मात्र त्याच्या बंद पडलेल्या मोटरीच आठवतात.

सत्तर सालानंतरचा काळ. नरखेडकडच्या गावांत विजेचे खांब पोचले, विहिरींवर मोटरी बसल्या, आणि बसल्या तशा जळूही लागल्या. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी तार गुंडाळायची, तिला वार्निश पाजायचं, ते वाळू द्यायचं, ह्याला मोटर भरणं म्हणतात. दादा हे काम कन्हानला एका उस्तादाकडे शिकला. सहा वर्षांनी दोघांची काही बोलाचाली झाली आणि तो तिथून निघाला. चैत्रात त्याने नागपुरात एसटी स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. घरात आई आणि आम्ही दोघं.

उन्हाळा चांगला गेला. पावसाळ्यात मोटरी फारशा चालतच नाहीत. दिवाळीनंतर मात्र दादाने भरून दिलेल्या मोटरी परत येऊ लागल्या. एसटीच्या टपावरून, पोत्यात गुंडाळून, जळक्या वासासकट.

संत्र्याच्या झाडाचं पाणी हिवाळ्यात तोडतात. पानं मलूल होतात, मालकाचा जीव वरखाली होतो, तरी पाणी द्यायचं नाही. मग पौष सरता सरता एक दिवस ठरवून भरपूर पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरून येतं. हा ताण तोडायचा दिवस. त्या दिवसांत मोटर दगा देईल तर बहार गेला. नरखेडजवळच्या एका बागवाल्याचं तसंच झालं. त्याची मोटर दादाने दोनदा भरली आणि ती दोन्ही वेळा जळाली.

दादाने तारेचा गेज, म्हणजे जाडी, बदलून पाहिला. वेढे पुन्हा पुन्हा मोजले. शेवटी तो म्हणू लागला, "गावात व्होल्टेजच नाही, त्याले मी काय करू?" एका दुपारी ताटावर बसून त्याने सांगून टाकलं, की दुकान बंद करतो, गिरणीत चौकीदाराची जागा आहे.

मी म्हटलं, "एकदा उस्तादांना दाखव ना."

"त्याच्या दारात? हसतील सारे."

"हसले तं हसले," आई म्हणाली. "दुकानाले कुलूप लागल्यावर तुले कोणी हार घालाले येणार हाय का?"

दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही. रविवारी सकाळी त्या बागवाल्याची मोटर पोत्यात बांधून दारात उभा राहिला. "चाल वं," एवढंच म्हणाला. एकट्याने जाणं त्याला जमत नव्हतं, हे मला कळलं. मी चप्पल घातली.

उस्तादांचं काम खाणींचं. खाणीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या मोटरी त्यांच्याकडे यायच्या. आम्हाला पाहून ते उठले नाहीत.

"या शेठ. नागपूरच्या शेठले बसाले खुर्ची लागंन, आमच्याजवळ तं बाज हाय."

दादाने पोतं सोडलं. त्याने मोटर पुढे ठेवली. उस्तादांनी ती उघडली, कुठे जळाली होती ते पाहिलं, मग न जळालेल्या बाजूच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं.

"हात तं माझाच हाय," ते हळू म्हणाले. मग त्यांनी वार्निशवर नख दाबलं. नख आत गेलं. "वाळवतो कोठं?"

"टिनावर. उन्हात."

"भट्टी?"

"भट्टी काहाले? नागपूरचं ऊन हाय उस्ताद. टिनाले हात लावला तं फोड येते."

"आता कोणता महिना हाय गा?"

"माघ," दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

चैत्र-वैशाखात आमच्याकडे पापड, कुरड्या, गाद्या, सगळं उन्हावर सोपवतात, आणि ऊन कधी फसवत नाही. दुकान उघडलं तेव्हा मोटरीही वाळल्या. हिवाळ्यात त्या वरून वाळलेल्या दिसत आणि आतून कच्च्या राहत. विहिरीवरची ओल आत शिरली की तार जळे.

"मी भट्टी काहून पेटवत होतो, तुले काय वाटलं?"

"खाणीवाल्यायले घाई राहते म्हणून."

"सहा वर्षांत एकदा तरी विचारलं?"

"तुमीबी सांगतलं नाही."

उस्तादांनी मोटर बाजूला सारली. "नाही सांगतलं," ते म्हणाले. "मले वाटलं, एवढं तं दिसते."

त्या दिवशी परत येताना दादाजवळ एका कागदावर काढलेली भट्टी होती. विटा किती, हवा कुठून, मोटर आधी किती तापवायची, वार्निशनंतर किती. आठवड्याने उस्ताद स्वतः नागपूरला आले, भट्टी पाहिली, एक वीट काढून दुसरीकडे लावली आणि चहा घेऊन गेले.

पुढच्या रविवारी आम्ही बागवाल्याची पुन्हा भरलेली मोटर घेऊन नरखेडकडे गेलो. सगळ्या वाटेत मला एकच भीती होती. व्होल्टेजचं कारण तयार होतं, आणि बागवाल्याने ते मानलंही असतं.

त्याने विहिरीजवळच विचारलं, "आता काय सांगता?"

"व्होल्टेजनं नाही जळाली," दादा म्हणाला. "चूक माझी. वार्निश कच्चं राहिलं."

"मंग माझा बहार?"

दादाने झाडांकडे पाहिलं.

"गेला, ते मलेबी दिसते," बागवाला म्हणाला. "बसवा. पावसाळ्यात मिरगाचा बहार येते का ते पाहू."

मोटर सुरू झाली. पाणी मातीच्या दांडातून निघून पहिल्या ओळीच्या आळ्यांत शिरलं. ह्या झाडांवर पानंच होती. बांधापलीकडची बाग पांढरी झाली होती आणि तिचा वास इकडे येत होता. दादा मोटरीवर तळहात ठेवून उभा राहिला. ती तापते का, हे तो बघत होता. आमची बस निघून गेली. शेवटी बागवाला जवळ आला.

"हात काढा आता भाऊ. चालून राहिली ते."

दादाने हात काढला. मग तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बागवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी दुसऱ्या ओळीला लावायला गेला.

दुकान बंद झालं नाही. त्याच बागवाल्याने थोड्या दिवसांनी आपल्या मेव्हण्याची मोटर आमच्याकडे पाठवली.